दोन पत्रिकांच्या मापाचे टॅपेट

ती. हेरंबराव यांना,

बडोद्याहून विश्वासचा साष्टांग नमस्कार. (या खेपेस साष्टांग बऱ्यापैकी खरा आहे. परवा सबंध सकाळ मी सासऱ्यांच्या, म्हणजे आपल्या आण्णांच्या फियाटखाली आडवा होतो. व्हॉल्व्ह इंजिनाच्या वरच्या अंगाला असतात आणि खाली माझं काहीच काम नव्हतं, हे बाहेर आल्यावर कळलं.) आपली प्रकृती उत्तम असेल. वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे सर्व क्षेम, म्हणजे माणसांचं. आपण घरचा ग्रुप सोडलात, फोनही उचलत नाही, म्हणून पत्र लिहितो. पोस्टमनला परत पाठवण्याइतके आपण रागावला नसाल, असा माझा अंदाज आहे.

भाचीच्या साखरपुड्याची बातमी मामाला ग्रुपवरच्या फोटोतून कळावी, हे वाईटच झालं. होणाऱ्या जावयाच्या, हार्दिकच्या घरच्यांनी (कारेलीबागेत राहतात, माणसं चांगली) आम्हाला चहाला बोलावलं आणि बघता बघता चहाचा साखरपुडा झाला. मग उल्काने ठरवलं की लग्नाची अक्षत द्यायला इंदूरला स्वतः जायचं, तेही आण्णांच्याच गाडीतून, म्हणजे निदान गाडी बघून तरी दादा दार उघडेल. (रेल्वे आहे, हे मी सुचवलं. त्यावर जे ऐकलं ते तुमच्याच बहिणीचं असल्याने इथे लिहीत नाही.)

पण गाडी टकटक करत होती. शेजारचे उदयसिंहराव (सबंध नोकरी नंदेसरीच्या कारखान्यात, पंपांचे जाणकार) कान लावून म्हणाले, "वाल ढिले पडलेत. टॅपेट सेट करा ने, घरीच थई जशे." वाल म्हणजे इथल्या बोलीत व्हॉल्व्ह, आणि टॅपेट सेट करणं म्हणजे त्यांची फट जुळवणं, जे म्हणे घरीच होऊन जातं. मी घरात येऊन "उद्या वाल बघतो" एवढंच म्हणालो, आणि उल्काने वाल भिजत घातले. तेव्हापासून आम्ही उसळ खातो आहोत.

काम तसं सोपं आहे. इंजिन गार असताना वरचं झाकण काढायचं, प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्याशी ठराविक बारीक फट ठेवायची आणि ती पोलादी पात्यांच्या फिलर गेजने मोजायची. ते गेज आण्णांच्या वेळेपासून तुमच्याकडे आहे. (तक्रार नाही, वस्तुस्थिती.) उदयसिंहराव म्हणाले की पूर्वी लोक जाड कागदावरही भागवत. आता लग्नघरात जाड कागदाला काय तोटा? आपली पत्रिका साधी, पातळ. तिने मी हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची फट मापली. धूर बाहेर टाकणाऱ्यांना फट जरा जास्त लागते, तिथे व्याह्यांची पत्रिका घातली. तिच्यावर मखमल आहे, आणि मखमलीवर सोनेरी, उठावाचा गणपती. गणपतीच्या जागी एक माप येतं, सोंडेच्या जागी दुसरं. शिवाय नट आवळताना मधला स्क्रू हळूच सरकतो. तो धरून ठेवायचा असतो हे मला शेवटच्या व्हॉल्व्हला उमगलं. गाडी सुरू केली तर अर्धं इंजिन आपल्या नातेवाइकांसारखं कुजबुजत होतं आणि उरलेलं अर्धं दांडिया खेळत होतं. लोक गॅलरीत आले. उदयसिंहराव "मला जरा काम छे" म्हणून आत गेले.

तेव्हा अक्षत घेऊन गाडीने येणं जमत नाही, क्षमा असावी. पत्रिका सोबत आहे. तिच्या कडेचा काळा डाग ऑइलचा. त्यात आपल्याला कमी लेखण्याचा हेतू नाही, उलट फटीत सर्वांत नीट बसलेली तीच. व्याही भेटले की तुम्ही कधी येणार ते विचारतात, "मामा क्यारे आववाना?" त्यांच्यात मामा मामेरं, म्हणजे भाचीचा आहेर, आणतो (ते विसरा, रिकाम्या हाताने या), आपल्यात तो मुलीला बोहल्यावर आणतो. मी दर वेळी सांगतो, गाडी दुरुस्त होते आहे. परवा अवंतीनेच विचारलं, "बाबा, मामा नाही आला तर मला कोण आणणार?" फार वाईट वाटलं.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपायला सांगावं.

आपला,
विश्वास

ता. क. आपण लग्नाच्या आठवडाभर आधी गेज घेऊन यावं. तोवर आण्णांच्या इंजिनाचं झाकण उघडंच राहील. वर उल्काची जुनी साडी पांघरली आहे.

आणखी ता. क. उल्काने आत्ता पत्र वाचलं. म्हणते, असलं गेज निजामपुऱ्यात कुठल्याही दुकानात मिळतं. मिळतं, मला पहिल्यापासून माहीत आहे. पण ते आणलं असतं तर तुम्हाला बोलवायला मी काय निमित्त काढणार होतो? हे ऐकून ती भांडली नाही, त्यामुळे मी जरा घाबरलो आहे. आता पेन मागते आहे.

दादा, यांचं ऐकू नकोस, गाडीचं सोड. तो फोटो मीच टाकला. इतका आनंद झाला होता की आधी तुला फोन करायचं सुचलंच नाही. ये ना रे.
उल्का