हिमनदीचं जुनं नाव

अक्कालुक,

बाबा गेले हे तुला फोनवर कळवलंच. एक गोष्ट मात्र तेव्हा सांगितली नाही.

गेल्या उन्हाळ्यात नूकच्या सरकारी कचेरीतून नकाशावाली बाई आली होती. आपल्या खाडीच्या टोकाच्या हिमनदीला नकाशावर कुणा परक्या मोजणीदाराचं नाव आहे. ते काढून तिला आपलं जुनं नाव घालायचं होतं. ते ठाऊक असलेले गावात बाबाच उरले होते. म्हणाले, "आधी मला तिथे ने. बघून सांगतो."

मी होडीतून नेलं. पंधरा वर्षांनी बाबा ती जागा पाहत होते. बर्फ पार मागे डोंगरात सरकला होता. समोर नुसता चिखल आणि दगडगोटे.

"वाट चुकलीस, इवालू."

"हीच जागा आहे, बाबा."

"मला शिकवतेस? इथे तर काहीच नाही." मग बराच वेळ बघत राहिले. "नाव बर्फाचं होतं. या दगडांना कशाला देऊ? चल घरी."

मी हट्ट करायला हवा होता. पण त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून होडी वळवली. त्यांनी ते नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. नवा नकाशा परवा आला. त्यावर मोजणीदारच आहे.

कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाडीवरून बाबा तिथे तुलाच न्यायचे, मला कधीच नाही. कदाचित तुला ते नाव आठवत असेल. पण कोपनहेगनहून तूही "नाही गं ताई" असं कळवलंस, तर मग विचारायला कुणीच उरणार नाही. म्हणून हे पत्र मी टपालपेटीत टाकत नाही.

तुझी,
इवालू