दुसऱ्या संगणकाची नोंद

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील, आणि तरीही ते उघडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. तुझा पत्ता मामांकडून मिळवला. आधी ते आपल्याकडे पत्ताच नाही म्हणून सांगत होते. मग मी त्यांच्या पायरीवर तासभर बसून राहिले, तेव्हा कंटाळून एका चिठ्ठीवर लिहून दिला. तू लिफ्ट दुरुस्तीचं काम करतोस आणि तुला तीन वर्षांची मुलगी आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. आपल्याला एक आत्या आहे हे त्या पोरीला माहीत आहे का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

माझं म्हणशील तर टेबल तेच, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरातलं, गळक्या पाइपाखालचं. साहेब दोनदा बदलले, बादली बदलली, मी परवापरवापर्यंत तिथेच. आता पोरं फोनवरूनच आपापली नेटवर्कला जोडली जातात, आमच्याकडे कुणी फिरकत नाही. जुन्या कार्यालयांतले संगणक तेवढे अजून हाताने जोडावे लागतात. गेल्या महिन्यात तशाच एका कामासाठी कुलसचिवांच्या जुन्या दप्तराच्या खोलीत गेले होते. सगळ्या जुन्या फायली स्कॅन करायच्या ठरल्यात, त्यासाठी तिथे नवा संगणक ठेवलाय. भिंतीतलं सॉकेट मेलेलं होतं. मी गुडघ्यांवर बसून कपाटांमागून केबल हुडकत होते आणि तिथला कारकून बिचारा, ताई, जपून, वरून गठ्ठा पडेल, म्हणून माझ्या डोक्यावर हात धरून उभा होता. त्या खोलीबद्दल पुढे लिहिते. आधी मागचं लिहायला हवं, कारण ते मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीचा सत्राचा पहिला आठवडा आठवतो ना? दारापासून जिन्यावर थेट वरपर्यंत रांग, प्रत्येकाच्या काखेत संगणक. तेव्हा कॅम्पसच्या नेटवर्कला जोडून घ्यायचं म्हणजे माझ्यापुढे आल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी संगणक पालथा करायचे, त्याच्या नेटवर्क कार्डाचा बारा अक्षरी क्रमांक उतरवून घ्यायचे, त्यापुढे मुलाचं नाव आणि हॉस्टेलची खोली लिहायचे आणि मग त्या खोलीतलं सॉकेट चालू करायचे. नोंद नसेल तर केबल लावूनही काही उपयोग नाही, ‘आधी नोंदणी करा’ एवढं एकच पान उघडणार. एका अर्जावर एक संगणक, हा नियम. तू रांग मोडून थेट माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलास. तुझं काम तर मी आदल्याच दिवशी करून दिलं होतं. आता तू तुझ्या खोलीतल्या जोडीदाराचा संगणक घेऊन आला होतास, ज्याला आपण लांब्या म्हणायचो त्याचा. त्याचे प्रवेशाचे कागद कुठेतरी अडकले होते, आणि कागद नाहीत तर नोंद नाही. मी आधी तुला चांगलं झापलं. मग तू लहानपणी बाबांपुढे करायचास तसं तोंड केलंस, आणि मी लांब्याच्या संगणकाचा क्रमांक तुझ्याच नावाखाली टाकून दिला. दोन दिवसांसाठी, कागद आले की बदलते, असं म्हणाले. त्या आठवड्यात मी सातशे संगणक जोडले. ते दोन दिवस मी साफ विसरून गेले, आणि लांब्या कशाला आठवण करून देतोय?

पुढचं तू भोगलंस, पण माझ्या टेबलाकडून ते कसं दिसलं हे तुला ठाऊक नाही. विभागाच्या संगणकावरून प्रश्नपत्रिका कुणीतरी उचलल्या होत्या. कोणत्या संगणकावरून ते झालं हे काढायला साहेबांनी मलाच बसवलं. क्रमांक सापडला, तो लांब्याच्या संगणकाचा, आणि त्यापुढे तुझं नाव. तुझ्या नावाखाली दोन क्रमांक होते, आणि त्यातला तुझा कोणता नि लांब्याचा कोणता हे सांगू शकेल असं त्या इमारतीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी नुसता तक्ता छापला. त्या तक्त्यात अगदी उजवीकडे एक रकाना असतो, ‘नोंद कोणी केली’. छापताना तो मी वगळला. चौकशी समितीतल्या एका बाईंनी विचारलंसुद्धा, हा कागद उजवीकडून कापल्यासारखा का दिसतो? मी म्हणाले, सगळं एका पानात मावत नाही. त्यांनी मान डोलावली आणि कागद पुढे सरकवला.

घर माझ्या पगारावर चाललं होतं, बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते, हे सगळं खरं आहे. पण ही कारणं मी नंतर गोळा केली. त्या दिवशी मी फक्त घाबरले होते. मला वाटलं, तू लांब्याचं नाव घेशीलच. मग नोंद कुणी केली हा प्रश्न येईल, मग मलाही बोलावंच लागेल. म्हणजे माझ्या तोंडून खरं काढायचं कामही मी तुझ्याच गळ्यात मारलं होतं. तू नाव घेतलं नाहीस. तुला काढून टाकलं, लांब्या पदवी घेऊन गेला, आणि मी मूग गिळून बसले.

बाबा जन्मभर मास्तर. शेजारच्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणाऱ्या पोराला कान धरून बाहेर काढणारे. त्यांचा मुलगा प्रश्नपत्रिका चोरतो, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. तुझं नाव त्यांनी टाकलं हे तुला माहीतच आहे. पण जायच्या आठवडाभर आधी, मी औषध देत होते तेव्हा, त्यांनी आपणहून विचारलं, “त्यानं असं का केलं असेल गं?” मी म्हणाले, “मला काय माहीत, बाबा.” चमचा हातात तसाच होता. एवढ्या वर्षांत दुसरी संधी मिळाली नव्हती असं नाही, पण ही तर समोर येऊन उभी राहिली होती. ते गेले तेव्हा तू आलास, दाराशी उभा राहिलास, काकांनी तुला आत येऊ दिलं नाही, आणि मी बाबांच्या उशाशी बसून ते बघत होते. मला नुसतं उठून तुझ्यापर्यंत यायचं होतं. तेही जमलं नाही मला.

तरीही मी जेवत होते, झोपत होते, कामाला जात होते. कारण मनाशी एक हिशेब पक्का बसवला होता, की तुला काढलं ते लांब्याला पाठीशी घातलंस म्हणून. मी बोलले असते तर माझी नोकरी गेली असती, तुझी शिक्षा काही टळली नसती. या एका वाक्यावर मी नऊ वर्षं काढली.

आता ती दप्तराची खोली. जोडणी झाली, संगणक नेटवर्कवर आला, कारकून जेवायला गेला आणि जाताना म्हणाला, हवी ती फाइल घेऊन स्कॅन करून बघा. हात आपोआप तुझ्या फायलीकडे गेला, असं मी लिहिणार नाही. मी वर्ष शोधलं, गठ्ठा सोडला आणि ती काढली. आत तुझा जबाब आहे, तीन पानं, प्रत्येक पानावर तुझी सही. सहावा प्रश्न असा आहे, की नेटवर्क कार्यालयात काम करणारी तुझी बहीण, तिने ही दुसरी नोंद करून दिली का? म्हणजे त्यांना संशय आला होता. त्याखाली तुझं उत्तर आहे. ताई चहाला गेली होती, तिचा संगणक चालूच होता, मी तिच्या खुर्चीत बसून नोंद केली, दोन्ही संगणक माझेच, तिला यातलं काही माहीत नाही. अरे, मी चहा पीत नाही. हे तुला माहीत होतं, पण त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटच्या पानावर निकाल आहे. प्रश्नपत्रिका बाहेर गेल्याचा पुरावा नाही, म्हणून त्याबद्दल एक वर्ष बंदी. आणि विद्यापीठाच्या नोंदीत घुसून फेरफार केल्याबद्दल कायमची हकालपट्टी. एक वर्ष, धाकट्या. एका वर्षाने तू परत वर्गात बसला असतास. कायमचा गेलास तो त्या नोंदीपायी, जी तू केलीच नव्हतीस. खरं सांगायचं तर आधी मला तुझा रागच आला. कुणी सांगितलं होतं तुला एवढा शहाणपणा करायला? मग तिथेच खाली फरशीवर बसले आणि कारकून परत येईपर्यंत रडले. त्याला वाटलं, खरंच गठ्ठा पडला डोक्यात.

रविवारी आईला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. माझं सांगून संपलं तरी तिचे हात थांबले नाहीत, ढीग संपवूनच ती उठली. मग एकच विचारलं, की बाबांना हे सांगितलं होतंस का. मी नाही म्हणाले. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझा पत्ता मात्र तिने मागून घेतला आणि चष्मा लावून दोनदा वाचला.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं, ते सांगते. सोमवारी मी कुलसचिवांना लेखी कबुली दिली. सोबत तो तक्ता जोडला, या वेळी सगळे रकाने असलेला. त्यांनी तो पाहिला आणि शांतपणे म्हणाले, की यात तुमचं नाव आहे, पण तो तुमच्या खुर्चीत बसला असता तरी तुमचंच नाव आलं असतं. बरोबरच आहे ते. तू इतकं नेटकं खोटं बोललास, की माझ्या खऱ्याला कुठे जागाच उरली नाही. त्यांना वाटतंय, भावाला वाचवायला बहीण आता कहाणी रचतेय. मला घरी बसायला सांगितलंय, आणि बंद झालेलं प्रकरण उघडायचं तर तू स्वतः तुझा जबाब मागे घ्यायला हवा. येत्या आठवड्यात तुला विद्यापीठाचं पाकीट येईल. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, त्यानंतर फाइल कायमची बंद. तू ते पाकीट न फोडता टाकून देशील याची मला भीती वाटते, म्हणून माझं आधी पाठवतेय. मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. मला भेटूही नकोस हवं तर. पण त्यांनी पुन्हा विचारलं, की दुसरी नोंद कुणी केली, तर तुझ्या मुलीला जवळ बसव, म्हणजे तुला खोटं लिहवणार नाही, आणि माझं नाव लिही. एकदा वाचवलंस तेवढं पुष्कळ झालं.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
ताई