मोठ्या माणसांची पुस्तकं

तलासरी,
१७ फेब्रुवारी २०१९

प्रिय वर्षाताई,
नमस्कार. फोनवर बोलायला लागलो की आई शेजारी येऊन बसते, म्हणून लिहितो. आम्ही ठीक. भूकंपाचे धक्के अजून बसतात, सगळा पाडा अंगणात झोपतो. आईचा दिवसही आंब्याखालीच जातो, मांडीवर पुस्तक घेऊन.

तू पाठवलेली तीन पुस्तकं आईला कशी वाटली, असं विचारलं होतंस. त्याआधी मी वाचनालयातून तिच्यासाठी विनोदी गोष्टी आणायचो. तिने परत पाठवल्या. "दीपेश, मी काय बालवाडीत जाते? डोक्याला काम देईल असं आण." तुझ्यातली दुष्काळात गाव सोडणाऱ्या बाईची कादंबरी तिला आवडली. त्यातल्या नवऱ्यावर मात्र ती अजून चिडलेली आहे. न्यायाधीशाचं आत्मचरित्र निम्म्यावर ठेवलं. "हा माणूस बोलतो फार."

तिसरं मी दिलंच नव्हतं. म्हाताऱ्या नावाड्याचं. मुलं त्याचा आजार त्याच्यापासून लपवतात, ते. ते का निवडलंस हे मला कळलं, ताई, आणि रागही आला. वापीचे डॉक्टर जे म्हणाले ते आईला सांगायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. निदान माझं तरी. तुझं म्हणणं, आजार तिचा आहे, तिला कळायलाच हवा. पण माझं तोंड उघडत नाही. तिने विचारलं तर काय, या भीतीने हल्ली कामावरून मुद्दाम उशिरा येतो.

गेल्या आठवड्यातल्या धक्क्याने माळ्यावरचा खोका खाली आला आणि त्यात लपवलेलं ते पुस्तक आईच्याच हाती लागलं.

काल तिने मला बोलावलं. "चांगलं आहे. पण म्हाताऱ्याला शेवटी कळतं, असं लिहिलंय, ते चुकलंय. त्याला आधीच ठाऊक असणार. आपलं अंग आपल्याला कळत नाही होय?"

"मग तो बोलत का नाही?"

"पोरं घाबरलेली असतात ना. त्यांना जरा सवड देतो." चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "वर्षाला सांग, असंच पाठव. पण आता लहान पाठव. पुरं वाचून झालं पाहिजे."

मी फक्त हो म्हणालो. रात्री तिच्याच खाटेजवळ अंथरूण टाकलं.

ताई, पुस्तक पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. तू आलीस की मी बोलेन तिच्याशी. एकट्याने जमणार नाही.

वाट पाहणारा,
तुझा दीपेश