पत्रिकेचं गॅस्केट

प्रिय श्रीनाथ,

लिहितो लिहितो म्हणत चौदा महिने काढले. फोन करावा तर तुझा आवाज ऐकावा लागणार, पत्र लिहावं तर स्वतःचं अक्षर बघावं लागणार. दोन्हीची भीती. आज सकाळी कागद घेऊन बसलो, तर गॅरेजसमोरच्या लिंबाचा फुलोरा गळून राहिला होता, तोच अर्धा तास बघत बसलो. शाळेत खिडकीजवळ बसायला मिळू नये म्हणून सर मला उठवायचे, आठवतं? तुझे बाबा म्हणून नाही, सर म्हणून. उठवून काही उपयोग झाला नाही.

गाडीचं आधी सांगतो. सर गेल्यावर तू विश्वासानं माझ्या हाती दिलेली त्यांची बुलेट जळकोटच्या पुढं जॅम झाली, ती मी टेम्पोत घालून लातूरला आणली आणि तुला फोनवर सांगितलं, इंजिन लई जुनं झालं होतं, दम तुटला त्याचा. तू म्हणालास, भंगारात घाल, तू तेवढा घरी ये. मी आलो नाही. म्हटलं येईन तर तिच्यावरच. तेव्हापासून वीरण्णा मिस्त्रींच्या गॅरेजात पडेल ते काम करतो, मागच्या खोलीत झोपतो आणि उरलेल्या वेळात तुझं इंजिन. वीरण्णा निलंग्याकडचे, सत्तरीचे. रागावले की कानडीत जातात, खूश झाले की गप्प बसतात. मधे दोनदा मी पळालो, एकदा हंपीला, एकदा उगाच. परत आलो तर कुठं होतास विचारलं नाही. "हात धू, पिस्टन आलाय," एवढंच.

गेल्या आठवड्यात इंजिन बांधून झालं. सहाव्या किकला पेटलं. तो ठोका ऐकून मला तुमच्या नांदेडच्या घराचं फाटकच दिसलं. सर निघायच्या आधी वाकून इंजिनखालचा ऑइलचा बोल्ट बोटांनी चाचपून बघायचे, आणि तुझी आई, विमलकाकू, पिशवी धरून उभ्या, "झाली का पूजा?" आपण पायरीवर बसून हसायचो. मी तिथंच होतो, त्या पायरीवर, आणि वीरण्णांनी फटकन इंजिन बंद केलं. वर टकटक वाजून राहिली होती आणि खाली ब्रीदरची, इंजिनातली हवा सोडायची नळी ऑइल थुंकून राहिली होती.

मग आठ दिवस ऑइलचा माग. ते ऑइलच्या टाकीतून खाली इंजिनात जातं, तिथून पंप त्याला उचलतो, थोडं वर झडपा हलवणाऱ्या रॉकरला पाजतो आणि बाकीचं परत टाकीत. गेलं तेवढं आलं पाहिजे. आमच्याकडं जात होतं, येत नव्हतं. खाली तुंबलेलं, वर कोरडं. वरच्या पाइपचा नट सैल करून किका मारल्या, थेंब नाही. पंप खोलला, ठीक. फिल्टर नवा टाकला. पाइपात तोंडानं फुंकलं, पलीकडून हवा आली, वर तोंडात ऑइल. दुपारी आडवा पडलो की मला ते दिसायचं, अंधारात, काकवीच्या रंगाचं, हळूहळू चढणारं; माहूरच्या पायऱ्या चढताना लोक थांबत थांबत जातात तसं. आणि एका पायरीवर सगळी गर्दी अडकलेली. ती पायरी काही दिसायची नाही. वीरण्णा म्हणाले, "भुजंग्या, ऑइल तुझ्यासारखं भटकत न्हाई. रस्ता दिला की येतंय. तू कुठं दार लावलास, त्ये आठव."

दार मीच लावलं होतं. इथं गॅस्केट, सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून मधे घालायचा थर, लग्नपत्रिकेचं कापतात. जाड पुठ्ठा, ऑइल पिऊन घट्ट बसतो. लग्नसराई झाली की वीरण्णा गल्लीभरच्या पत्रिका मागून आणतात आणि खिळ्याला अडकवतात. नियम एकच, देवाचा भाग आधी कातरून बाजूला ठेवायचा. पण बाजूच्या कव्हरसाठी मी खिळ्याची पत्रिका घेतली नाही, तुझी घेतली. माघात गॅरेजच्या पत्त्यावर आलेली. खाली तू पेनानं लिहिलं होतंस, "मनस्विनीला घेऊन माहूरला आईबाबांसारखं याच गाडीवर जाणार. थांबलोय." लग्नाला मी आलो नाही. वाटलं, पत्रिका तरी गाडीच्या आत असावी. तुझी ओळ आणि निमंत्रक म्हणून काकूंचा नंबर असलेला खालचा तुकडा जपून आरशामागं खोचला. उरलेला भाग जेमतेम पुरला, गणपतीसकट. कव्हरवर धरून हातोडीनं ठोकत भोकं पाडत आलो, तर शेवटचं, ऑइल वर जायचं भोक बरोबर गणपतीच्या पोटावर, हळदीकुंकवाच्या बोटाशेजारी. हात धजेना. म्हटलं चहा पिऊन बघू. टपरीवर एक बुवा भेटला, अंबाजोगाईहून पायी आलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्याचं ऐकत बसलो, आलो, आणि गॅस्केट तसंच बसवलं.

काल कव्हर उघडलं. गणपती जागच्या जागी, मागं ऑइल तटलेलं. वीरण्णांनी आधी हात जोडले, मग म्हणाले, "इघ्नं काढणारा देव ह्यो. त्यालाच आडवा लावलास की रे." खिळ्याची पत्रिका काढून नवीन कापलं, सगळी भोकं पाडून. तुझा गणपती पुसून त्यांनी देवाच्या फोटोपाशी ठेवलाय. आज सकाळी पाइपचा नट सैल केला, किक मारली. आधी बुडबुडा आला, मग थेंब, मग बोटावरून ओघळ. वीरण्णा गप्प बसले.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. श्रीनाथ, इंजिन जुनं झालं नव्हतं. त्या दिवशी मुखेडच्या बाजारात ऑइल बदलायला मी खालचा बोल्ट काढला. परत लावताना समोरून लालकंधारी बैलांची जोडी गेली, भिजल्या विटेच्या रंगाची. बोल्ट नुसता हातानं फिरवला, पाना खिशात घातला आणि त्यांच्या मागं गेलो. जळकोटच्या पुढं बघतो तर बोल्ट नव्हताच. सरांचं इंजिन मी कोरडं मारलं आणि खापर त्याच्या वयावर फोडलं. वीरण्णांना पहिल्याच दिवशी रिकामं भोक दिसलं असणार, त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. हे तुला कळल्याशिवाय गाडी तुझ्या दारात लावायची नव्हती. वाचून ये म्हणालास तर घेऊन येतो, माहूरला जा दोघं. नको म्हणालास तर वीरण्णा आणून सोडतील, मी येणार नाही.

सही करणार, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि विमलकाकू उतरल्या. वीरण्णांनी मला न विचारता आरशामागचा नंबर लावला होता, काय काय सांगितलं ते सांगत नाहीत. काकूंनी पिशवी माझ्या हातात दिली, सरळ गाडीपाशी गेल्या, पदर खोचला, आणि आता वाकून इंजिनखालचा बोल्ट बोटांनी चाचपून राहिल्यात.

तुझाच, अजून तुझा असलो तर,
भुजंग