दुसऱ्या मजल्यावरचा वास

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. हॉटेलच्या मागच्या बाजूला शिडीवर होतो, अर्धं अंग धूर बाहेर नेणाऱ्या डक्टमध्ये. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. "अहो शिडीवाले! तुमच्या त्या तळणापायी माझ्या उशीलासुद्धा माशाचा वास येतो!"

वर बघितलं. खिडकीत ती. संपलं!

कॉलेज दुसऱ्याच वर्षी सोडल्याचं आज पहिल्यांदा सार्थक झालं. नाहीतर या वेळी मी वर्गात जांभया देत असतो, आणि ती खिडकी भलत्याच गाढवाच्या डोक्यावर उघडली असती.

४ फेब्रुवारी, बुधवार

मामाला म्हटलं, ती वासाची तक्रार मी बघतो. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातली हवा बाहेर काढायची यंत्रणा बसवायची, हा मामाचा धंदा. "तू? आपणहून? ताप आलाय का?" मग प्रवचन — आधी जाळी, ती तेल अडवते. मग गाळणी, ती धूर अडवते. सगळ्यात शेवटी कार्बन फिल्टर, म्हणजे खास कोळशाच्या पेट्या. वास पितात त्या. "आणि तपासायच्या आधी अर्धा तास मोकळ्या हवेत उभं राहायचं. नाक फार लवकर सरावतं."

माझ्याच नाकाबद्दल मला शिकवतोय!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पेट्या उघडल्या. आत कोळशाचा चिखल! आचारी छाती फुगवून म्हणाला, "दर रविवारी मी स्वतः धुतो. साबण लावून. काळं पाणी थांबेचना, मग अजून घासलं!"

कोळसा गोरा करायला निघालेला माणूस!! "अहो, तो बदलायचा असतो, न्हाऊ घालायचा नसतो!" मी ओरडलो. त्यानं झारा उचलला. मी पाना. हॉटेलमालक मध्ये पडला म्हणून आज दोघांना सगळे दात आहेत.

९ फेब्रुवारी, सोमवार

नव्या पेट्या बसवल्या. फटी रबराच्या पट्टीनं बंद केल्या. तसाच जिना चढलो — अर्धा तास हवा खात थांबायला वेळ कुणाला! दार तिनंच उघडलं.

"सकाळपासून जरासुद्धा वास नाही हो!" मग नाक आक्रसलं. "आत्ता मात्र येतोय."

धावत खाली. प्रत्येक पेटी, प्रत्येक फट तपासली. काही नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

परत गेलो. "आत्ताच आला बघा." परत खाली. परत काही नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज ती म्हणाली, "दिवसभर नसतो. तुम्ही येता ना, नेमका त्याच वेळी येतो."

माझी यायची वेळ तिला पाठ आहे!! पूर्ण संध्याकाळ याच वाक्यावर काढली.

आईची वेगळीच भुणभुण — कामाचे कपडे गॅलरीतच काढ, घरात आणू नकोस. रविवारपासून माझे कपडे वेगळ्या बादलीत टाकते. घरात माझ्या मनाचा कुणी विचारच करत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मामा कडाडला. "सोमवारपर्यंत तक्रार मिटली नाही, तर तुला परत कॉलेजात घालतो. फी मी भरतो!" सख्ख्या भाच्याला असली धमकी! कॉलेज गेलं तेव्हा सगळे म्हणाले, हा काही धड करायचा नाही. आता हे कामही गेलं तर ते खरं ठरणार. आणि ती खिडकीही जाणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. उद्या वासाचा सोक्षमोक्ष लावायचा आणि लगेच मनातलं बोलून टाकायचं. वाक्य पाठ केलंय. आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. आचाऱ्याला शिव्या देताना कसं एका दमात जमतं!

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळभर दुसऱ्या एका हॉटेलचा डक्ट आतून खरवडला आणि तसाच तिच्याकडे गेलो. तिचे वडील म्हणाले, "या, बसा. आज शोधूनच काढू." खिडकीशी जाऊन त्यांनी हुंगलं — "इथं नाही." फ्रीजमागे — "इथंही नाही." ती कपाटाकडून हुंगत आली, ते दाराकडून. मी खुर्चीत, वाक्य जिभेवर. दोघं माझ्यापाशी येऊन थांबली.

"अगं..." वडील हळूच म्हणाले. तिनं तोंडावर हात धरला.

मी बाही नाकाशी नेली. मला काहीच येईना. कसं येईल!

वाक्य गिळलं. उठलो. बाहेर आलो, दार ओढून घेतलं.

आतून तिचा आवाज — "बाबा, गेला बघा वास!"