दोन मार्गारेट

ती. सुमेधाताईस,
पोर्टलीशहून मुकुलचा नमस्कार.

कौमुदी बरी आहे, पोटातलं बाळही. डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावलंय, पण नुसती खबरदारी म्हणून. लगेच आईला फोन करू नकोस. तिच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना?

घरात बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून शनिवारी जवळच्या खेड्यातल्या चर्चमध्ये जातो. तिथे बाप्तिस्म्यांच्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं काम चाललंय. परवा एकाच घरात दोन मार्गारेट दिसल्या, आईबापही तेच. मला वाटलं, एन्ट्री दोनदा झालीय. ऑफिसच्या सवयीने पहिली उडवून टाकली.

शेजारी नोरा नावाच्या आजी बसतात. त्या केवढ्यांदा ओरडल्या! "अरे, दोघी खऱ्या आहेत! पहिली तान्ही असतानाच गेली, म्हणून दुसरीला तिचं नाव दिलं. आमच्यात तशी रीतच होती. आता इथून काढलीस तर ती राहणार कुठे?"

मी तिला परत घातली, ताई.

मागच्या वर्षी आपणही मुलीचं नाव ठरवून ठेवलं होतं, आणि ती जन्माआधीच गेली. मध्यंतरी फोन स्पीकरवर असताना तू म्हणालीस, आता मुलगी झाली तर तेच नाव ठेवू. कौमुदी उठून आत गेली.

आत्या म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव तूच सांगणार. तुला आवडेल ते सांग, मी हूं की चूं करणार नाही. फक्त ते नको. ते आमच्या थोरलीचं आहे.

तुझा,
मुकुल