फळीतून आलेली वानरं

खालची वाडी, लांजा
२८ मे

हौसाताई हीस,

सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल, सांग बघू? आनंदीबाई! आदल्या दिवशीपर्यंत म्हणत होती, "आवाज ऐकायला कोण जातंय गो, घरात सून आहे की." तीच ठेवणीतलं लुगडं नेसून रावजीच्या आंब्याच्या शेडच्या दारात बसलेली. रावजी म्हणाला, "काकी, जेवण नाही हो ठेवलेलं." तर म्हणते, "मेल्या, मी तुझी शेड बघायला आलेय."

बघ, नमस्कार राहिलाच. तुझ्या पायांवर डोकं ठेवते. गुडघा कसा आहे? केळशीला पाणी पुरतंय ना विहिरीला? इकडे सगळी खुशाल. आंब्याच्या रसाची साठं वाळत घातलीत, यंदा आंबा गोड होता, तुझा डबा वेगळा भरून ठेवलाय.

तर ते आवाजाचं. पुण्याची राही म्हणून एक मुलगी आणि तिचा जोडीदार मुझम्मिल, तो आपल्या रत्नागिरीचाच, शिमग्यापासून वाडीत फिरत होती. काठीला केसाळ बोका बांधावा तसला त्यांचा माईक. विहिरीचा रहाट, आमच्या सुनेचं, ज्ञानूचं, नारळ खवणणं, रावजीचं खोकणं सुद्धा भरून घेतलं. आता तेच आवाज आम्हालाच ऐकवणार. म्हटलं, ही काय गंमत! नाटक नाही, गाणं नाही, बघायचं काहीच नाही. रिकाम्या शेडमध्ये चारी बाजूंना स्पीकर, मध्ये आम्ही फळ्यांवर बसायचं, फळ्यांच्या खाली पण स्पीकर. डोळ्यांवर फडकं बांधायचं.

मी जाणार नव्हते. ज्ञानूला म्हटलं, "साठं कोण राखील? वानरं टपलेली आहेत." पण सुनेने ऐकलं नाही, साठं शेडच्या बाहेर उन्हात मांडलीन आणि मला नेलंनच.

खरं कारण साठांचं नव्हतं. ताई, तू हसणार नाहीस म्हणून लिहिते. मला पण ऐकू येईनासं झालंय. तुझ्यासारखंच. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिटी गेली. गेल्या पावसात पत्र्यावर पाऊस पडत होता आणि मला तो नुसता दिसत होता. कुणाला सांगितलं नाही. आपल्या भाचीच्या, दर्शनाच्या लग्नात तुला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून सगळी तुझ्या डोक्यावरून बोलत होती, ते मी बघितलंय. तेव्हापासून तू कुठे येत नाहीस, ते पण मला कळतं. म्हणून मी नुसती मान हलवायची. आणि इथे तर ऐकण्याचीच परीक्षा!

बसले. फडकं बांधलं. बाजूला आनंदीबाई माझ्या कानाशीच "अगो बाय, बाय" करायला लागली म्हणजे काहीतरी चालू झालेलं असणार. मी पण "वा वा" केलं. ऐकू काही येत नव्हतं. हात फळीवर घट्ट धरून बसले.

आणि ताई, फळी हलली. म्हणजे हलली नाही, तिच्या आत काहीतरी आलं. धड, धड, धड. तळहातातून वर कोपरापर्यंत. मला लगेच कळलं, पत्र्यावर वानरं! एक मोठा हुप्प्या आणि मागून सगळी टोळी. बाहेर माझी साठं उन्हात! मी उभी राहून ओरडले, "हाऽऽड! हाऽऽड मेल्यानू!" तशा सगळ्या बायका उठल्या. फडकी डोळ्यांवर तशीच, एकमेकींवर आपटत बाहेर. आनंदीबाईच्या हातात तर रावजीची आंबे काढायची घळ. बाहेर बघतो तर साठं जागच्या जागी आणि माडावर एक कावळा.

सगळी हसली. मुझम्मिल तर खालीच बसला. पण राही माझ्यासमोर आली आणि तोंडाकडे बघून सावकाश बोलली, "आजी, वानरांचा आवाज अजून कानाला यायचाच होता. आम्ही आधी तो नुसता फळीत सोडला होता. तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळला."

म्हटलं, "हाताला कळला."

"आणि त्याच्या आधी पक्षी वाजले, ते ऐकू आले?" तिने विचारलं.

मी ज्ञानूकडे बघितलं. ती पुढे आली, माझा पदर नीट केलान आणि म्हणाली, "आई, मला कधीचं माहीत आहे. म्हणून तर मी लांबून हाक मारत नाही. चहा घेऊन समोर येते."

ताई, मागच्या पत्रात मी तुला काय काय लिहिलं होतं! सून हल्ली हाक मारत नाही, तोऱ्यात असते, कप पुढ्यात आणून आदळते. ते पत्र चुलीत घाल गो. कप आदळायची ती मला कळावं म्हणून.

मग राहीने पुन्हा सगळं लावलं. ह्या वेळी मी फळीवर आडवीच झाले, पाठ टेकून. रहाट पाठीतून गेला. बैलांची घुंगरं टाचांत आली. मी रडले, पण छान रडले. छातीवरून धोंडा उतरला बघ. ज्ञानू मला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. यंत्र लावतील तर लावू दे, आता कुणापासून लपवायचंय?

तू ये. कोपऱ्यातली खुर्ची नाही, माझ्या बाजूची फळी. तुझ्यासाठी लांबून कुणी हाक मारणार नाही, मी समोर येऊन बोलेन. आपण दोघी आडव्या पडू, लहानपणी खळ्यात पडायचो तशा.

तुझी जागा धरून बसलेली,
धाकटी भागी

राहून गेलं. पोरं परत येणार आहेत, अंगणात नाचणाऱ्या बायकांच्या पायांचे आवाज फळीत भरायला. दिवस सांगून गेलीत: गौरी घरात येतात, तो. तू पण त्याच दिवशी ये.